एका किलोत किती किलोमीटर?

दादर स्टेशनबाहेर उभ्या असलेल्या काळी-पिवळीच्या चालकाला गाडीचं अ‍ॅव्हरेज विचारलं, तर तो २४-२५ सांगेल. जवळपास तशीच गाडी पेट्रोलवर चालवणारा हिंदू कॉलनीतला गृहस्थ १६ सांगेल. ऐकणाऱ्याला वाटतं, सीएनजीवर तेच इंजिन दीडपट हुशार झालं. पण टॅक्सीवाला किलोत बोलतोय आणि गृहस्थ लिटरमध्ये. एक किलो सीएनजीत सुमारे ४८ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२. म्हणजे सीएनजीचा एक किलो हा पेट्रोलच्या दीड लिटरच्या बरोबरीचा. २४ ला दीडने भागा, उत्तर १६ येतं. दोन्ही इंजिनांची भूक सारखीच आहे. सीएनजीत पैसे वाचतात ते त्याच्या दरामुळे.

पर्यायी इंधनाची चर्चा नेमकी इथेच घसरते. पेट्रोल महागलं की लाकडावर, कोळशावर, उसाच्या स्पिरिटवर, अगदी पाण्यावरही गाडी चालवून खर्च निम्म्यावर आणण्याच्या गोष्टी सुरू होतात. त्यातली पाण्याची गोष्ट थाप आहे. लाकडाची मात्र खरी आहे. लाकडावर मोटार चालते, जगात लाखोंनी चालल्या, आपल्या बापजाद्यांनी अशा गाड्यांतून प्रवास केला. प्रश्न एवढाच, की त्यात नक्की काय वाचलं आणि त्याचं बिल कुठे फाटलं.

लालबागमध्ये बनणारा गॅस

मुंबईला गॅसची ओळख फार जुनी. १८६५ मध्ये एस्प्लनेड, चर्चगेट स्ट्रीट आणि भेंडी बाजार या भागांत रस्त्यावर गॅसचे दिवे लागले. बॉम्बे गॅस कंपनीचा कारखाना परळ-लालबाग भागात होता. तिथे दगडी कोळसा बंद भट्टीत, हवा न देता तापवला जाई. हवा नसल्याने कोळसा पेटत नसे. त्याच्यातून गॅस आणि डांबर बाहेर पडे आणि मागे कोक उरे. या गॅसमध्ये निम्म्याच्या आसपास हायड्रोजन, बराचसा मिथेन आणि थोडा कार्बन मोनॉक्साइड असतो. एका घनमीटरात साधारण १८ मेगाज्यूल ऊर्जा. दिव्याला आणि शेगडीला ती पुरेशी होती, कारण गॅस नळातून सतत येत असे.

मोटारीला मात्र नळ लावता येत नाही. एक लिटर पेट्रोलची ऊर्जा हवी असेल, तर हा गॅस जवळजवळ १.८ घनमीटर लागतो. १० लिटर पेट्रोलच्या बदल्यात १८ घनमीटर. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये बसच्या टपावर रबरी कापडाच्या प्रचंड पिशव्या बांधून हा प्रयोग झाला. बस चालली, पण पिशवी थोड्याच अंतरात रिकामी व्हायची. यातून बाहेर पडायला दोनच वाटा होत्या. एक, गॅस दाबून लहान सिलिंडरमध्ये कोंबायचा. दुसरी, गॅस सोबत न्यायचाच नाही, फक्त सरपण न्यायचं आणि गॅस गाडीतच, लागेल तसा तयार करायचा. मुंबईने या दोन्ही वाटा पाहिल्या. दुसरी आधी आली.

युद्धातल्या कोळशाच्या मोटारी

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल सैन्याकडे वळलं. मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं. माघार घेताना ब्रिटिशांनी येनांगयाउंगच्या तेलविहिरी स्वतःच उद्ध्वस्त केल्या आणि ब्रह्मदेशातून येणारं तेल थांबलं. मुंबईत तेव्हा तेलशुद्धीकरण कारखानाही नव्हता. ट्रॉम्बेचा पहिला कारखाना सुरू झाला तो १९५४ मध्ये. पेट्रोलवर रेशनिंग आलं आणि कुपनात मिळेल तेवढ्यावर महिना काढायची वेळ आली.

एसटी अजून जन्मायची होती. तिची पहिली गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली ती १ जून १९४८ रोजी. त्याआधी गावोगावी खासगी 'सर्व्हिस मोटारी' चालत. युद्धाच्या काळात या मोटारींच्या मागे किंवा बाजूला लोखंडी टाकी बसू लागली. तिला लोक 'गॅस प्लँट' म्हणत आणि गाडीला 'कोळशाची मोटार'. दक्षिणेत मदुराईच्या टी. व्ही. सुंदरम अय्यंगार यांच्या कंपनीने स्वतःचा गॅस प्लँट बनवून आपल्या बस चालू ठेवल्या. तिकडे युरोपात जर्मनीमध्ये युद्ध संपताना अशी सुमारे ५ लाख वाहनं होती, तर स्वीडनसारख्या छोट्या देशात १९४२ च्या सुमारास ७० हजारांवर.

आपल्याकडे ओल्या लाकडाऐवजी लोणारी कोळसा वापरण्याकडे कल होता. त्यातलं डांबर कोळसा पाडतानाच निघून गेलेलं असतं, त्यामुळे गॅस स्वच्छ येतो आणि गाळणीवर भार कमी पडतो. सकाळी क्लीनरने राख उपसायची, कोळसा भरायचा, पेटवायचा, हाताने पंख्याचा दांडा फिरवत राहायचं आणि बाहेर येणारा गॅस पेट घेतो का ते काडी लावून पाहायचं. निळसर ज्योत स्थिर झाली की ड्रायव्हर इंजिन सुरू करणार. बऱ्याच गाड्यांत थोडं पेट्रोल राखून ठेवलेलं असे, सुरुवातीला आणि घाट चढताना.

टाकीच्या पोटात काय घडतं

ही टाकी म्हणजे गिरगावच्या चाळीतला तांब्याचा बंबच म्हणा, गाडीच्या मागे उभा केलेला. फरक असा, की बंबात कोळसा पूर्ण जळावा म्हणून आपण हवा खेळती ठेवतो आणि इथे मुद्दाम हवेची उपासमार करतात.

लाकूड नीट जळायला जितकी हवा लागते, तिच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढीच हवा टाकीत घेतात. वरचा थर सुकतो. त्याखालचा थर उष्णतेने फुटून धूर, वाफ आणि डांबर सोडतो आणि स्वतः कोळसा बनतो. त्याच्याही खाली, हवेची तोंडं असतात तिथे, थोडा भाग खरोखर जळतो आणि तापमान १००० अंश सेल्सिअसच्या वर जातं. जळण्यातून आलेला कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ पुढे लालबुंद निखाऱ्यांमधून ओढली जाते. निखारा त्यांच्याकडून ऑक्सिजन हिसकावून घेतो. कार्बन डायऑक्साइडचा कार्बन मोनॉक्साइड होतो, वाफेतून हायड्रोजन सुटतो. हे दोन्ही वायू जळणारे. इंजिन स्वतःच्या शोषणाने हा गॅस गाळणीतून आणि थंड करणाऱ्या नळ्यांतून ओढून घेतं आणि त्यात हवा मिसळून ठिणगी देतं.

लाकडातलं डांबर हा या यंत्राचा मोठा शत्रू. ते व्हॉल्व्हवर आणि पिस्टनच्या रिंगांवर चिकटलं की इंजिन उघडावं लागतं. अल्सासमधल्या जॉर्ज इम्बर्टने १९२० च्या दशकात यावर उपाय शोधला. त्याने गॅस वरून बाहेर न काढता खाली, अरुंद गळ्यातून काढला. सगळा धूर सर्वांत तापलेल्या भागातूनच गेला पाहिजे, म्हणजे वाटेत डांबर फुटून त्याचाही गॅस होतो. युद्धकाळातली बहुतेक युरोपीय वाहनं याच रचनेवर चालली.

मात्र या गॅसची खरी अडचण नायट्रोजन आहे. टाकीत घेतलेल्या हवेतला नायट्रोजन काहीही न करता गॅसबरोबर बाहेर येतो. तयार गॅसमध्ये साधारण २० टक्के कार्बन मोनॉक्साइड, १८ टक्के हायड्रोजन, दोन टक्के मिथेन, १० टक्के कार्बन डायऑक्साइड आणि निम्मा नायट्रोजन असतो. म्हणून एका घनमीटरात जेमतेम ५ मेगाज्यूल. लालबागचा गॅस १८ चा, आज सीएनजी म्हणून मिळणारा नैसर्गिक वायू ३६ च्या आसपासचा आणि लाकडाचा ५ चा. एकाच शहराने पाहिलेल्या तीन गॅसची ही उतरंड आहे.

इंजिनात जाणारं मिश्रणच पातळ झालं की ताकद कमी होणार. पेट्रोल आणि हवेच्या मिश्रणाच्या तुलनेत या गॅसच्या मिश्रणात तिसऱ्या हिश्श्याहून अधिक ऊर्जा कमी असते. त्यात गाळणीचा अडथळा आणि गरम गॅस यांची भर पडून ताकद ३५ ते ५० टक्क्यांनी घटते. पूर्ण भरलेली सर्व्हिस मोटार खंडाळ्याच्या चढाला धापा टाकत असेल, तर दोष ड्रायव्हरचा नव्हता.

हिशेब

कोरड्या लाकडाच्या एका किलोत १५-१६ मेगाज्यूल ऊर्जा असते. चांगल्या टाकीत त्यातली ७० टक्क्यांच्या आसपास गॅसमध्ये उतरते. म्हणून एक लिटर पेट्रोलच्या जागी साधारण तीन किलो लाकूड लागतं. दादर ते पुणे हे दीडशे किलोमीटर अंतर, १५ किलोमीटरला लिटर देणारी गाडी, म्हणजे १० लिटर पेट्रोल किंवा ३० किलो लाकूड. लाकडाचं 'अ‍ॅव्हरेज' किलोला पाच किलोमीटर. टाकी, गाळणी, थंड करायच्या नळ्या यांचं वजन वेगळं आणि ते जाता-येता वाहायचं.

लोणारी कोळशाचा आकडा वरून चांगला दिसतो. एका लिटरला सुमारे दीड किलो पुरतो, म्हणजे पुण्यापर्यंत १५ किलो. पण पारंपरिक भट्टीत एक किलो कोळसा पाडायला चार-पाच किलो लाकूड जातं. तेव्हा त्या १५ किलोंमागे ६० ते ७५ किलो लाकूड जंगलातच खर्ची पडलेलं असतं. गाडीच्या मालकाला ते दिसत नाही, कारण ते त्याच्या पोत्यात आलेलंच नसतं. सरळ लाकूड जाळलं असतं तर ३० किलोंत काम झालं असतं. म्हणजे अ‍ॅव्हरेज सुधारलं ते कागदावर, आणि जंगल दुप्पट खर्च झालं. युद्धात हा व्यवहार परवडला, कारण तेव्हा तुलना पेट्रोलशी नव्हती. गाडी दारात उभी ठेवण्याशी होती. पेट्रोल मोकळेपणी मिळू लागल्यावर गॅस प्लँट गाड्यांवरून उतरले ते याच कारणाने.

आज गिरगावात किंवा परळमध्ये कुणी हौसेने हा प्रयोग करायचं म्हटलं, तर अडचणी वेगळ्याच उभ्या राहतात. लाकडात २० टक्क्यांहून जास्त ओल असेल तर गॅस नीट बनत नाही, आणि मुंबईत जून ते सप्टेंबर वखारीतलं लाकूड कोरडं राहणं कठीण. तयार गॅसचा पाचवा हिस्सा कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. इमारतीच्या बंद पार्किंगमध्ये अशी टाकी धुमसत ठेवणं म्हणजे वर राहणाऱ्यांच्या जिवाशी खेळ. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा मूलभूत बदल परवानगीशिवाय करता येत नाही. सीएनजीच्या मान्यताप्राप्त किटची नोंद ताडदेवच्या आरटीओत आरसी बुकावर होते, लाकडाच्या टाकीला तशी सोय नाही. शहराचा एकूण कलही उलट्या दिशेला आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. ज्या शहरात पावाच्या भट्टीतलं लाकूड बंद होतंय, तिथे ते मोटारीत चालू होणार नाही.

लाकडाची योग्य जागा

याचा अर्थ लाकडाचा गॅस टाकाऊ आहे असा नाही. तो धावत्या गाडीत अवघडतो, जागेवर मात्र चांगला रमतो. सातारा जिल्ह्यात फलटणला बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये निंबकर कृषी संशोधन संस्था, म्हणजे 'नारी', स्थापन केली. तिथे डॉ. अनिल राजवंशी यांनी गॅसिफायरवर, म्हणजे अशाच गॅस बनवणाऱ्या टाकीवर, अनेक वर्षं काम केलं. १९८६ मध्ये त्यांनी या विषयावर लिहिलेलं प्रकरण जगभर वाचलं जातं. संस्थेने उसाचं पाचट आणि चिपाड यांसारख्या हलक्या, सैल मालावर चालणारा गॅसिफायर विकसित केला. पाचट शेतात बहुतेकदा नुसतं पेटवून दिलं जातं. हा गॅसिफायर कारखान्यातल्या उष्णतेच्या गरजेसाठी होता. भट्टीत गॅस सरळ जाळायचा असेल तर डांबराची फारशी भीती नसते, ते तिथेच जळून जातं. वजनाची पर्वा नसते, चढ नसतो, आणि पाचट शेजारच्याच शेतातून येतं. तीच टाकी मोटारीवर ठेवली की हे सगळे फायदे उलटतात.

आणखी एक पर्याय म्हणजे लाकूड-काडीकचऱ्याचं आधी द्रव इंधन बनवणं. दादरच्या पलीकडे, माटुंग्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत, म्हणजे जुन्या यूडीसीटीत, ऊर्जा-जैवविज्ञान केंद्राने काडीकचऱ्यातल्या सेल्युलोजपासून इथेनॉल बनवण्याचं तंत्र तयार केलं. त्यावर आधारलेला, दिवसाला १० टन काडीकचरा घेणारा प्रात्यक्षिक प्रकल्प २०१६ मध्ये उत्तराखंडात काशीपूरला सुरू झाला. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजच्या तंत्रावर पानिपतला भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल बनवणारा इंडियन ऑइलचा प्रकल्प २०२२ मध्ये उभा राहिला, त्याची क्षमता दिवसाला एक लाख लिटर.

इथेनॉल आता आपल्या सगळ्यांच्या टाकीत आहे. त्याची सुरुवातही महाराष्ट्राच्या वाट्याला आली. २००१ मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे जे पथदर्शी प्रयोग झाले, त्यांतले दोन मिरज आणि मनमाडला होते. आज पंपावर २० टक्के मिश्रण मिळतं. इथे पुन्हा लिटरचं माप फसवतं. इथेनॉलच्या लिटरात २१ मेगाज्यूल, पेट्रोलच्या ३२. मिश्रणाचा लिटर शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे सात टक्क्यांनी हलका पडतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या पद्धतीच्या चारचाकींसाठी सहा-सात टक्के घट गृहीत धरली होती, तर मिश्रणासाठी जुळवलेल्या इंजिनांत ती एक-दोन टक्क्यांवर येते. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असतो. त्याचा फायदा उठवणारं, जास्त दाबाचं इंजिन असेल तर तोटा बराचसा भरून निघतो. इथेनॉलचं समर्थन आयात तेलाच्या आणि शेतकऱ्याच्या हिशेबात करता येईल. अ‍ॅव्हरेजच्या नावाने ते करता येत नाही.

दाबलेला गॅस आणि त्याचं भाडं

आता पहिली वाट, गॅस सिलिंडरमध्ये कोंबायची. १९७४ मध्ये 'सागर सम्राट'ने मुंबईच्या समुद्रात तेल शोधलं. तेलाबरोबर गॅसही होता, आणि तो उरणला किनाऱ्यावर आला. १९९५ मध्ये महानगर गॅस कंपनी स्थापन झाली. नव्वदच्या दशकात जुन्या टॅक्सींच्या धुराने शहर बेजार होतं. धुराचा त्रास सोसणाऱ्या रहिवाशांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि पुढच्या आदेशांनी जुन्या टॅक्सी सीएनजीकडे वळल्या. २०२३ मध्ये रस्त्यावरून निघून गेलेल्या प्रीमियर पद्मिनींपैकी कितीतरींनी आयुष्याची शेवटची वर्षं सीएनजीवर काढली.

हवेच्या २०० पट दाबाखाली ६० लिटरच्या सिलिंडरमध्ये नऊ-दहा किलो गॅस मावतो, म्हणजे १४-१५ लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा. त्याचं भाडं टॅक्सीवाल्याला विचारा. डिकीत सिलिंडर, त्यामुळे सामान टपावर. पोलादी सिलिंडरचं पन्नास-साठ किलो वजन कायम सोबत. पंपावरची रांग. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट. गॅस हवेची जागा अडवतो म्हणून ताकद दहा टक्क्यांच्या आसपास कमी. हे सगळं सोसून तो परवडतो, कारण दिवसाला शंभर-दीडशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीत किलोमागची बचत किटचा खर्च लवकर फेडते. रविवारीच बाहेर निघणाऱ्या गाडीला तोच किट वर्षानुवर्षं फिटत नाही.

फुकटचं अ‍ॅव्हरेज

उरली पाण्याची गोष्ट. बॅटरीच्या विजेने पाण्याचं विघटन करून तो वायू इंजिनात सोडणारे किट अधूनमधून विकायला येतात. वीज कुठून आली, एवढं विचारलं की प्रकरण मिटतं. अल्टरनेटरकडून २४० वॅट घ्यायचे तर इंजिनाला सुमारे दीड हजार वॅट उष्णतेचं पेट्रोल जास्त जाळावं लागतं. त्या विजेतून मिळणारा हायड्रोजन जळून २४० वॅटसुद्धा परत देत नाही. १९९६ मध्ये तामिळनाडूच्या रामर पिल्लैने झाडपाल्यापासून पेट्रोल बनवल्याचा दावा करून देशभर खळबळ उडवली होती. ते 'हर्बल' इंधन पेट्रोलजन्य रसायनांचंच मिश्रण निघालं आणि २०१६ मध्ये न्यायालयाने त्याला शिक्षा सुनावली.

म्हणून इंधनाचा कोणताही दावा ऐकला की लिटर-किलो बाजूला ठेवावेत आणि रुपये प्रति किलोमीटर काढावेत. टाकी पूर्ण भरायची, किलोमीटरचा आकडा लिहायचा, पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा पूर्ण भरायची आणि भरलेल्या इंधनाचे पैसे कापलेल्या अंतराने भागायचे. चार-पाच वेळा भरल्यावर सरासरी घ्यायची, कारण एकाच वेळच्या आकड्यात लालबागची गर्दीही मिसळलेली असते. किट, टाकी, सिलिंडर यांची किंमत किती किलोमीटरांवर फिटेल तेही त्याच कागदावर मांडावं.

खरी बचत हातात आहे ती जुनीच आहे. टायरमधली हवा, डिकीतलं नको ते ओझं, ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा एकसारखा वेग, आणि थांबलेली गाडी बंद करणं. छोट्या गाडीचं इंजिन उभ्याउभ्या तासाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त पेट्रोल पितं आणि त्या वेळात अ‍ॅव्हरेज शून्य असतं, मग टाकीत पेट्रोल असो, उसाचं इथेनॉल असो की सीएनजी. लालबागमध्ये भारतमाताच्या सिग्नलला मिनिटभर थांबायचं असेल तर चावी फिरवून टाकावी. त्याला किट लागत नाही आणि आरटीओची परवानगीही नको.